खोल समुद्रातल्या केबलचा कस

शिनोली-घोडेगाव पट्ट्यात बोअरमध्ये सबमर्सिबल मोटर सोडतात तेव्हा तिचं वजन पाइप आणि दोर पेलतात. शेजारची चपटी केबल वीज तेवढी पोहोचवते. सहा हजार मीटर खोल समुद्रात ही वाटणी चालत नाही. तिथे मानवरहित यानाचं ओझं, त्याची वीज आणि कॅमेऱ्याचं चित्र, सारं एकाच केबलवर असतं. त्याआधी तिला स्वतःचं वजन पेलावं लागतं. आपल्या खोल समुद्र मोहिमेची चर्चा पाणबुडी आणि खनिजांभोवती फिरते. माझ्या मते मोहिमेचा कस या केबलवर लागणार आहे, आणि तिला किरकोळ सामानात मोजणं महागात पडेल.

गोव्यात दोनापावल्याला असलेल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी २६ जानेवारी १९८१ रोजी 'गवेषणी' जहाजावरून समुद्रतळावरचे बहुधातू गोटे वर काढले. आज मध्य हिंद महासागरातल्या ७५,००० चौरस किलोमीटर क्षेत्रात त्यांच्या शोधाचा हक्क भारताकडे आहे. चेन्नईच्या राष्ट्रीय महासागर तंत्रज्ञान संस्थेचं मानवरहित यान 'रोसब ६०००' २०१० मध्ये ५,२८९ मीटरपर्यंत उतरलं, तर तळावर चालणारं 'वराह' यंत्र २०२१ मध्ये ५,२७० मीटरवर तपासलं गेलं. दोन्ही केबलच्या जोरावर.

अशा केबलच्या पोटात तांब्याच्या तारा आणि काचेचे तंतू असतात; बाहेर पोलादी तारांचे थर, एक उजवीकडे पिळलेला, दुसरा डावीकडे. दोन्ही पीळ एकमेकांना तोलतात. हा तोल चुकला तर ताण येताच केबल स्वतःभोवती फिरते, आणि ताण सैल झाला की तिला पिळाची गाठ पडून काचतंतू मोडतो. विजेचाही पेच आहे. दाब दहापट केला तर तेवढ्याच शक्तीसाठी प्रवाह एक दशांश लागतो आणि तांब्यातली गळती एक शतांश उरते. म्हणून रोसबला ६,६०० व्होल्टने वीज दिली जाते. पण दाब वाढला की वेष्टन जाड होतं, केबल फुगते, आणि फुगलेल्या केबलला समुद्राचा प्रवाह जास्त ओढतो. सर्वांत जास्त ताण वरच्या टोकाला, जहाजाजवळ. आणि लाटेबरोबर जहाज हेलकावतं तेव्हा तोच तुकडा कप्पीवरून पुन्हा पुन्हा वाकतो. पोलादाऐवजी अरामिड धागे घेतले तर वजन घटतं, पण ते घासणं नि चेपणं तितकं सोसत नाहीत. जपानच्या 'काइको'ने १९९५ मध्ये समुद्रातल्या सर्वांत खोल जागेचा, चॅलेंजर डीपचा, तळ गाठला होता. ते यान मे २००३ मध्ये हरवलं, ते खोलीच्या दाबाने चिरडून नव्हे, तर जोडकेबल तुटून.

यावर रास्त आक्षेप असा, की गोव्यात घडलेल्या 'माया'सारखी स्वयंचलित याने बिनकेबलीच फिरतात. सर्वेक्षणाला ती उत्तमच. पण पाण्यात रेडिओलहरी टिकत नाहीत आणि ध्वनी सेकंदाला साधारण दीड किलोमीटर जातो. सहा किलोमीटरवरून आज्ञा आणि उत्तर यांत आठ सेकंद जातात, आणि त्या वाटेने स्वच्छ चालतं चित्र येत नाही. गोटे गोळा करणाऱ्या यंत्राला तासन्‌तास लागणारी वीज बॅटरी पुरवत नाही. अमेरिकेच्या 'नेरियस'ने २००९ मध्ये केसासारख्या तंतूवर चॅलेंजर डीप गाठलं खरं. पण त्या तंतूतून संदेश जात होते, वीज नव्हे, आणि ओझं उचलण्याचा तर प्रश्नच नव्हता.

दुसरा आक्षेप: चांगली केबल परदेशातून घ्यावी. घ्यावीच, गरज असेल तर. पण टोक खराब झालं तर ते कापून डेकवर नवी जोडणी करणारे हात आपलेच हवेत, आणि पावसाळी हिंद महासागरातल्या लाटांनी केबल किती झिजते याचा हिशेब दुसरं कोणी ठेवणार नाही. छत्रपती संभाजीनगरला काचतंतू बनतो, पिंपरीने पंपाच्या केबली देशभर पोहोचवल्या. कारागिरीचा पाया आहे. त्यावर उभी करायला हवी ती चाचणी: पूर्ण ताणाखाली केबल कप्पीवरून हजारो वेळा वाकवायची, आणि दर फेरीला तंतूतला प्रकाश किती घटला हे मोजायचं.