युद्धनौकांचा गेम आणि बिनपगारी रात्रपाळी : छंद कुठे संपतो, आजार कुठे सुरू होतो?

सोलापूरपासून समुद्र शेकडो किलोमीटर दूर आहे. तरीही माझ्यासमोर बसलेला बारावीचा मुलगा विमानवाहू जहाज, पाणबुडी आणि टॉर्पेडो यांबद्दल सराईतासारखा बोलत होता. आईची तक्रार मात्र वेगळीच होती. "महिना झाला, डोकं दुखालंय म्हणतो. सकाळी उठवत नाही त्याला. काही बोललं की अंगावर येतो. काहीतरी ताकदीचं औषध द्या, नाहीतर डोक्याचा फोटो काढा."

तपासणीत रक्तदाब, हिमोग्लोबिन, चष्म्याचा नंबर, सगळं ठीक होतं. मग मी विचारलं, "रात्री झोपतोस किती वाजता?" त्याने आईकडे पाहिलं आणि हळूच सांगितलं, "दीडला आमच्या टीमची लढाई असते. झोपायला अडीच होतात. साडेपाचला परत एकदा उठावं लागतं." वडील यंत्रमागावर रात्रपाळी करतात. ते पटकन म्हणाले, "मी रात्रपाळी करतो, त्याचा पगार मिळतो. हा कशासाठी करतोय?"

(ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

वडिलांचा प्रश्न अगदी नेमका होता. त्याचं उत्तर समजलं, तर घरातलं निम्मं भांडण कमी होतं. म्हणून आधी तेच समजून घेऊ.

हे गेम रात्रीच का जागवतात?

जहाजं आणि विमानं लढवण्याचे गेम साधारण दोन प्रकारचे असतात. पहिल्या प्रकारात एकेक लढाई असते. 2015 साली आलेला 'वर्ल्ड ऑफ वॉरशिप्स' हा असा गेम आहे. त्यातली नेहमीची लढाई जास्तीत जास्त वीस मिनिटांत संपते. दुसऱ्या प्रकारात तुम्ही स्वतःचं आरमार उभं करता. बंदर बांधायचं, जहाजं तयार करायची, विमानं वाढवायची, इतरांशी युती करायची आणि शत्रूच्या तळावर हल्ला करायचा. हा गेम तुम्ही फोन खाली ठेवला तरी चालूच राहतो.

दुसऱ्या प्रकारच्या गेममध्ये साधारणपणे चार गोष्टी असतात :

- वेळेचं घड्याळ : जहाज तयार व्हायला आठ तास लागणार असतील, तर आठ तासांनी गेम तुम्हाला हाक मारतो. ते आठ तास पहाटे तीनला संपले तरी.
- हल्ल्याची भीती : तुम्ही झोपलेले असताना दुसरा कोणी तुमचा तळ लुटू शकतो. महिनाभर जमवलेलं एका रात्रीत जाईल ही धास्ती झोप लागू देत नाही.
- टीमची जबाबदारी : "मी नसलो तर बाकीचे हरतील." मुलांसाठी हे कारण सगळ्यात मोठं असतं.
- परदेशी वेळ : युरोपातले खेळाडू हिवाळ्यात रात्री नऊला खेळायला बसतात, तेव्हा आपल्याकडे रात्रीचा दीड वाजलेला असतो. अनेक गेमचा नवा दिवस जागतिक प्रमाणवेळेनुसार मध्यरात्री सुरू होतो. ती वेळ म्हणजे आपली पहाटेची साडेपाच. रोजचं बक्षीस घ्यायला मुलगा साडेपाचला का उठतो, ते आता लक्षात येईल.

थोडक्यात, मुलगा आळशी झालेला नाही. तो दुसऱ्या देशाच्या घड्याळावर जगतो आहे. वडिलांच्या भाषेत सांगायचं तर ही बिनपगारी रात्रपाळी आहे.

झोप कमी झाली की काय होतं?

13 ते 18 वयाच्या मुलांना रोज 8 ते 10 तास झोप लागते, मोठ्या माणसांना किमान 7 तास. आमचा हा रुग्ण जेमतेम चार तास झोपत होता, तीही तुटक. अशा वेळी पुढच्या तक्रारी दिसतात :

- सकाळी डोकं जड होणं किंवा दुखणं
- चिडचिड, रडू येणं, लहान गोष्टीवरून भांडण
- वाचलेलं लक्षात न राहणं (दिवसा शिकलेलं पक्कं करण्याचं काम मेंदू झोपेत करतो)
- भूक वेळीअवेळी लागणं, वजन वाढणं

"फोनच्या उजेडामुळे झोप जाते" असं आपण ऐकतो. ते खरं आहे, पण अर्धंच. लढाईत छातीची धडधड वाढते आणि शरीर सावध होतं. लढाई संपल्यावर ते शांत व्हायला वेळ लागतो. म्हणून स्क्रीनचा उजेड कमी करून किंवा पिवळा करून फारसं साधत नाही. झोपायच्या आधीचा तासभर लढाई नको, हे जास्त उपयोगी.

मग हा आजार आहे का?

बहुतेक खेळणाऱ्यांना आजार नसतो. हे आधी नीट लक्षात घ्या. या गेममध्ये आखणी करावी लागते, संयम लागतो, टीमशी बोलावं लागतं. आमच्या या मुलाला 1942 च्या मिडवेच्या लढाईत जपानची चार विमानवाहू जहाजं कशी बुडाली, ते सविस्तर माहीत होतं. अशी आवड वाईट नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या नव्या यादीत 'गेमिंग डिसऑर्डर' म्हणजे गेम खेळण्याच्या विकाराची नोंद आहे. ही यादी 1 जानेवारी 2022 पासून लागू झाली. त्यासाठी तीन गोष्टी पाहतात :

1. ताबा सुटणं : कधी सुरू करायचं, किती खेळायचं, कधी थांबायचं हे हातात न राहणं.
2. गेम सगळ्याच्या वर जाणं : जेवण, अंघोळ, मित्र, अभ्यास, काम यांपेक्षा गेमला पहिला मान मिळणं.
3. नुकसान दिसूनही न थांबणं : नापास झाला, नोकरी गेली, घरात भांडणं झाली, तरी खेळ चालूच किंवा वाढतच राहणं.

या तिन्ही गोष्टी साधारण वर्षभर दिसल्या आणि त्यामुळे शिक्षण, काम किंवा नातेसंबंध यांचं ठळक नुकसान झालं, तरच हे निदान करतात. लक्षणं फार तीव्र असतील तर त्याआधीही करता येतं. नुसते तास मोजून निदान होत नाही. सुट्टीत चार तास खेळून वेळेवर झोपणारा मुलगा ठीक असू शकतो, आणि दोनच तास, पण रात्री दीड ते साडेतीन खेळणारा अडचणीत असू शकतो.

हे फक्त मुलांचं दुखणं नाही. दुकान बंद करून रात्री आरमार सांभाळणारे चाळिशीतले गृहस्थही आमच्याकडे येतात. ते "झोपेची गोळी द्या" म्हणतात, गेमचं नाव शेवटी निघतं.

शरीराच्या इतर तक्रारी

- डोळे : स्क्रीनकडे टक लावून पाहताना पापण्या कमी मिटतात. डोळे कोरडे होतात, चुरचुरतात. दर 20 मिनिटांनी 20 फूट लांबच्या वस्तूकडे 20 सेकंद बघा.
- अंगठा आणि मनगट : अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाच्या कडेला दुखत असेल, कप किंवा बादली उचलताना कळ येत असेल, तर तिथल्या स्नायूबंधांना सूज आलेली असू शकते. हाताला विश्रांती द्या. दोन आठवड्यांत फरक नसेल तर दाखवा.
- मान : झोपून, फोन छातीवर धरून खेळू नका. फोन डोळ्यांच्या पातळीजवळ धरा आणि दर लढाईनंतर उठून चार पावलं चाला.
- झटके : काही जणांना लुकलुकणाऱ्या उजेडाने फिट येऊ शकते. जागरणानेही फिटचा धोका वाढतो. किशोरवयात सुरू होणाऱ्या एका प्रकारच्या फिटमध्ये जागरणानंतर सकाळी हाताला अचानक हिसका बसतो आणि हातातला कप किंवा ब्रश उडतो. घरचे त्याला धांदरटपणा म्हणतात. असं वारंवार होत असेल तर मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवा. औषधांनी ते बहुतेकदा चांगलं आटोक्यात राहतं.

घरी काय करायचं?

फोन आपटून फोडणं, लढाई चालू असताना वायफाय बंद करणं, पाहुण्यांसमोर अपमान करणं यांचा उपयोग होत नाही. मुलगा चोरून खेळायला शिकतो, एवढंच. त्याऐवजी पुढच्या गोष्टी याच क्रमाने करून पाहा :

1. आधी गेम समजून घ्या. अर्धा तास शेजारी बसून "हे जहाज काय करतं?" एवढं विचारा. ज्याला गेम कळतो, त्याचं मूल ऐकतं.
2. एक आठवडा फक्त नोंद ठेवा. किती वाजता झोपला, किती वाजता उठला, कधी खेळला. ओरडायचं नाही.
3. पहिलं लक्ष्य झोप, गेम नाही. रात्री अकरा ते सकाळी सहा फोन खोलीबाहेर चार्जिंगला. एकाच खोलीत चौघं झोपत असाल तर फोन कपाटात किंवा स्वयंपाकघरात ठेवा. हा नियम आई-वडिलांनाही लागू. गजरासाठी साधं घड्याळ आणा.
4. टीमला कळवू द्या. "परीक्षा आहे, रात्रीच्या लढाईला येणार नाही" असा निरोप त्यानेच पाठवावा. तळाला संरक्षण देणारी 'शील्ड' गेममध्ये असेल तर झोपण्यापूर्वी ती लावायची. भारतीय वेळेला खेळणारी टीम शोधली तर आणखी चांगलं.
5. सूचना बंद करा. "तुमचं जहाज तयार आहे" हा आवाज रात्री येता कामा नये.
6. लढाईच्या हिशेबाने थांबायला सांगा. "आत्ता बंद कर" ऐवजी "ही लढाई संपली की जेवायला" म्हणा. अर्ध्यात सोडलं तर टीमचं नुकसान होतं, म्हणून तो चिडतो.
7. रिकामी जागा भरा. उन्हाळ्यात सोलापूरच्या दुपारी बाहेर पाठवणं शक्य नाही. मग सकाळी सातच्या आत सायकल, संध्याकाळी ऊन उतरल्यावर सिद्धेश्वर तलावाकडे चक्कर किंवा मैदान. काढून घेतलेल्या वेळात दुसरं काही नसेल, तर गेमच परत येतो.

पहिले काही दिवस चिडचिड वाढेल. तो माघारीचा काळ असतो, घाबरू नका. पण नियम रोज बदलू नका.

पैशांचं काय?

अनेक गेम फुकट असतात, पण वाट पाहायची नसेल तर हिरे किंवा नाणी विकत घ्यावी लागतात. फोनला जोडलेलं यूपीआय आणि कार्ड तपासा, खरेदीला पासवर्ड लावा, महिन्याचं स्टेटमेंट बघा. पैसे लावून पैसे जिंकायचे ऑनलाइन खेळ ही वेगळी गोष्ट आहे. त्यांच्यावर बंदी घालणारा कायदा संसदेने ऑगस्ट 2025 मध्ये केला. मुलगा कर्ज काढत असेल किंवा घरातले पैसे जात असतील, तर त्याला छंद समजू नका.

डॉक्टरांकडे केव्हा जायचं?

पुढीलपैकी काही असेल तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटा :

- महिनाभर प्रयत्न करूनही झोपेची वेळ सुधारत नाही
- शाळा, कॉलेज किंवा काम बंद पडलं आहे
- फोन घेतल्यावर मारहाण, तोडफोड होते
- गेमशिवायही तो उदास, एकटा राहतो. कधी कधी नैराश्य, चिंता किंवा लक्ष न टिकण्याचा विकार आधी असतो आणि गेम हा त्यावर त्याने शोधलेला आसरा असतो

डोकेदुखीसोबत सकाळी उलटी, नजर धूसर होणं, हातापायात कमजोरी किंवा फिट असेल तर वाट पाहू नका, त्याच दिवशी दाखवा. मरणाची भाषा आली तर ती 'नाटक' म्हणून सोडू नका. त्याला एकटं ठेवू नका आणि ताबडतोब मदत घ्या. सरकारची 'टेली-मानस' सेवा 14416 या क्रमांकावर चोवीस तास मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं.

उपचारात मुख्यतः समुपदेशन असतं : सवयीमागचे विचार ओळखणं, वेळेचं नियोजन, घरच्यांशी संवाद. गेमचं वेड घालवणारी अशी खास गोळी नाही. सोबत नैराश्य असेल तर त्यावर औषधं देतात. बेंगळुरूच्या निम्हान्स संस्थेत 2014 पासून तंत्रज्ञानाच्या अतिवापरासाठी वेगळं क्लिनिक चालतं. पण सुरुवातीला तेवढं लांब जायची गरज नसते. सोलापुरात सिव्हिलच्या मानसोपचार विभागात किंवा जवळच्या मानसोपचारतज्ज्ञांकडे सुरुवात करता येते.

त्या मुलाचं काय झालं?

डोक्याचा फोटो काढला नाही, ताकदीचं औषधही दिलं नाही. टीमला निरोप त्याने माझ्यासमोरच पाठवला. पलीकडून कोणीतरी लिहिलं, "परीक्षा आधी." त्याला त्याचंच जास्त आश्चर्य वाटलं. पहिल्या आठवड्यात दोनदा भांडण झालं, एकदा जेवणाचं ताट तसंच राहिलं. तिसऱ्या आठवड्यात तो साडेअकराला झोपू लागला आणि डोकेदुखी कमी झाली. गेम सुटलेला नाही. रविवारी दुपारी दोन तास तो खेळतो, आणि वडील रात्रपाळीची झोप काढून उठले की कधी कधी शेजारी बसून बघतात.

आपल्या घरी असं काही चालू असेल, तर आज रात्री "किती खेळलास?" विचारू नका. "किती झोपलास?" एवढंच विचारा. बोलणं तिथून सुरू होऊ शकतं.