अरुंद घाटांतील आयत्या वेळचा प्रवास

परदेशांत एखादा दिवस मोकळा मिळाला, म्हणजे मोटार घेऊन वाट नेईल तिकडे निघावें, असा मोह पुष्कळांस होतो. आल्प्स पर्वतांत तर तो अनावर होतो. आज इटलींत असलेला स्टेल्व्हिओ घाट ऑस्ट्रियाच्या सम्राटाच्या आज्ञेवरून कार्लो दोनेगानी या इंजिनियरानें १८२० ते १८२५ या काळांत बांधला. त्याचा माथा २,७५७ मीटर उंच असून एका बाजूसच ४८ वळणें आहेत. तो घोडागाड्यांसाठीं होता. तेव्हां आजच्या वाहनांस तो अरुंद वाटावा, यांत नवल नाहीं.

बेत ठरलेला नसला, तरी नियम ठरलेलेच असतात. स्वित्झर्लंडमध्यें चढणाऱ्या वाहनासाठीं उतरणाऱ्यानें थांबावें, असा दंडक आहे. कारण चढावर थांबलेली गाडी पुन्हां हलविणें कठीण. निळ्या पाटीवर पिवळें शिंग दिसलें, कीं तो टपालबसचा डोंगरी मार्ग समजावा. तेथें त्या बसचा चालक खुणावील तसें मागेंपुढें व्हावें लागतें. आंधळ्या वळणापूर्वीं ती बस तीन सुरांचें शिंग वाजविते.

उतरणीवर केवळ ब्रेकवर विसंबूं नये. सतत दाबल्यानें तो तापतो व त्याची पकड सुटते. खालच्या गिअरमध्यें उतरावें, म्हणजे यंत्रच गाडीस आवरून धरतें.

मार्ग आयत्या वेळीं निवडला तरी चालेल. परंतु हिवाळ्यांत असे घाट बर्फामुळें बंद असतात. म्हणून घाट उघडा आहे काय, पेट्रोल पुरेसें आहे काय आणि अंधारापूर्वीं परतणें होईल काय, एवढें तरी सकाळींच पाहावें.