पायातलं कडं काय सांगतं?

पक्ष्याच्या पायातलं कडं म्हणजे जीपीएस, असा समज सर्रास आढळतो. प्रत्यक्षात ते धातूचं हलकं वळं असतं. त्यात बॅटरी नाही. आहे तो फक्त क्रमांक, गाडीच्या नंबरप्लेटसारखा. कोणी वाचला तरच उपयोगाचा. बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतले संशोधक अरुणाचलातल्या ईगलनेस्टच्या जंगलात मिस्ट नेट (सहज न दिसणारी बारीक जाळी) लावून पक्षी धरतात, कडं चढवतात, वजन करून सोडून देतात. तोच पक्षी पुढल्या वर्षी पुन्हा सापडला, तर तो तगला हे कळतं. रोजचा प्रवास हवा असेल तर उपग्रह टॅग (स्थान कळवणारं छोटं यंत्र) लागतो. तो पेलण्याइतका पक्षी दणकट हवा. २०२३ मध्ये मुंबईत पायात कडी असलेलं एक कबुतर हेर समजून अडकवलं गेलं. निघालं शर्यतीचं, तैवानचं!