केवढी ही गर्दी!

गौरीच्या हळदीकुंकवाला यंदा माझी पुण्याची भाची आली होती. ती तिकडे स्पॅनिश शिकते. दारातला चपलांचा ढीग बघून ती एकदम ओरडली, "क्वांता हेंते!" सासूबाई दचकल्याच. "अगं, कुणाला शिव्या देतेस?"

"आजी, शिव्या नाहीत. केवढी ही माणसं, असं म्हटलं!"

मग भांडी आवरता आवरता आमची शिकवणीच सुरू झाली. खूप पैसा दिसला की 'क्वांतो दिनेरो', पुस्तकं दिसली की 'क्वांतोस लिब्रोस', फुलं दिसली की 'क्वांतास फ्लोरेस'. लिंग, वचन बदललं की शब्द बदलतो. मला तर हे घरचंच वाटलं. आपणही केवढा पैसा, केवढी गर्दी, केवढी फुलं म्हणतोच की!

गंमत म्हणजे 'किती?' असं विचारायलाही हाच क्वांतो. आपल्या 'किती'सारखाच दोन्हीकडे चालणारा. म्हणून स्पॅनिशमध्ये लिहिताना वाक्याच्या सुरुवातीलाच उलटं प्रश्नचिन्ह किंवा उलटं उद्गारचिन्ह देतात. स्पेनच्या भाषा अकादमीनं १७५४ साली हे सुचवलं. लांबलचक वाक्यात शेवटचं चिन्ह दिसेपर्यंत वाचणाऱ्याचा सूर चुकतो ना, म्हणून ही आधीच सूचना.

हे ऐकलं आणि माझा हात थांबला.

गेल्या महिन्यात आमच्या बचत गटात एक नवी बाई आली होती, तीन मुलींना घेऊन. मी सहज म्हणून गेले, "अगंबाई, किती मुली!" माझ्या मनात कौतुकच होतं. पण तिनं मान खाली घातली. "तीनच आहेत ताई. मुलगा नाही झाला." पुढच्या बैठकीला ती आली नाही. हा उद्गार तिनं आजवर टोमणा म्हणूनच ऐकला असणार.

भाचीला विचारलं, "याला तिकडे काय म्हणतील गं?"

"क्वांतास निन्यास. पण मावशी, उलटं चिन्ह फक्त आश्चर्य आहे एवढंच सांगतं. कौतुक की कीव, ते नाही सांगत."

खरंच की! ते आपणच सांगायला हवं. दुसऱ्या दिवशी प्रसादाचा डबा घेऊन मी तिच्या घरी गेले. म्हटलं, "अगं, किती गोड आहेत तुझ्या मुली!" एकच शब्द वाढवला. तिनं हसून चहाचं आधण ठेवलं.

मैत्रिणींनो, 'किती!' म्हणण्याआधी क्षणभर थांबूया. समोरचीला तो कसा ऐकू जाईल, याचा विचार करूया.