स्टॅच्यू, कासव आणि साबण

नालासोपारा पूर्वेला संध्याकाळी साडेसातच्या सुमारास शिकवणीचे वर्ग सुटतात. पाठीवर दप्तर, हातात वडापावची पुडी आणि गल्लीच्या तोंडाशी चार कुत्री. त्यातलं एक भुंकतं. पोरं बोंब मारून पळत सुटतात आणि मग उरलेली तीनही मागे लागतात. पाचूबंदर, अर्नाळ्याकडे बोंबील वाळत घातलेले असतात, तिथली कुत्री माशांच्या वासावर राहतात. वसईच्या वाड्यांमध्ये राखणीचा कुत्रा फाटकाच्या आत असतो, पण फाटक नेहमी लावलेलं असतंच असं नाही. एकाच तालुक्यातल्या या तीन तऱ्हा, आणि तिन्हींशी सगळ्यांत जवळून गाठ पडते ती मुलांची.

सर्वोच्च न्यायालयाने 7 नोव्हेंबर 2025 रोजी शाळा, रुग्णालयं, बस आगारं आणि रेल्वे स्थानकांच्या आवारातून भटकी कुत्री हलवण्याचा आदेश दिला. त्यावर देशभर वाद झाला. त्याच आदेशातलं एक कलम मात्र फारसं चर्चेत आलं नाही. प्राण्यांजवळ कसं वागावं, चावा बसल्यास प्रथमोपचार काय करावा आणि ते लगेच कोणाला सांगावं, हे शाळांनी मुलांना शिकवावं, असं त्यात म्हटलं आहे. कुंपण शाळेभोवती घालता येतं. शाळा ते घर या वाटेवर मुलाच्या कामी येतं ते शिकवलेलंच.

पण असं शिकवून खरंच फरक पडतो का? ऑस्ट्रेलियात सिडनीतल्या आठ प्राथमिक शाळांमध्ये याची चाचणी झाली आणि तिचे निष्कर्ष 2000 साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये छापून आले. सात-आठ वर्षांच्या काही मुलांना कुत्र्यापाशी कसं वागायचं याचा अर्ध्या तासाचा पाठ दिला गेला, बाकीच्यांना नाही. काही दिवसांनी मैदानात एक शांत लॅब्रेडोर बांधून ठेवला, मालक जरा दूर उभा राहिला आणि लपवलेल्या कॅमेऱ्याने मुलांचं वागणं टिपलं. पाठ न मिळालेल्या 149 मुलांपैकी 118 जण, म्हणजे 79 टक्के, न विचारता त्या कुत्र्याला हात लावायला गेले. पाठ मिळालेल्या 197 मुलांपैकी गेले फक्त 18, म्हणजे 9 टक्के.

सिडनीचा तो कुत्रा बांधलेला होता आणि त्याला मालक होता. विरारच्या गल्लीतल्या कुत्र्याला ना दोर असतो, ना मालक, त्यामुळे ‘मालकाला विचारून हात लावा’ एवढ्यावर इथला पाठ संपत नाही. त्यासाठी जवळचा दाखला गोव्याचा. तिथे 2013 पासून ‘मिशन रेबीज’ या संस्थेने राज्य सरकारच्या साथीने कुत्र्यांचं लसीकरण हाती घेतलं. एकूण कुत्र्यांपैकी 70 टक्क्यांना लस टोचण्याचं लक्ष्य होतं, आणि त्याच्या जोडीने प्रशिक्षित माणसं वर्षाला सुमारे दीड लाख शाळकरी मुलांपर्यंत पोहोचत होती. 2019 पर्यंत गोव्यात माणसांमधला रेबीज संपला आणि कुत्र्यांमधल्या रेबीजच्या मासिक नोंदी 92 टक्क्यांनी घटल्या. यश मुख्यतः लसीचं, पण चावल्यावर काय करायचं हे माहीत असलेलं मूल घरोघरी होतं, ही जोडही मोलाची.

पाठातली पहिली गोष्ट म्हणजे न पळणं. पळणाऱ्या वस्तूमागे धावणं ही कुत्र्याची लांडग्याकडून आलेली सवय. मांजर, मोटारसायकल आणि पळणारं पोर यांत त्या क्षणी तो फरक करत नाही. भाकरी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावलेल्या नामदेव महाराजांची गोष्ट प्रत्येक मराठी मुलाला सांगितली जाते. भक्तीच्या दृष्टीने ती थोरच, पण खाणाऱ्या कुत्र्यामागे धावण्याचा हक्क संतांकडेच राहू द्यावा.

पाश्चात्त्य देशांत मुलांना ‘झाड हो’ असं शिकवतात. आपल्या पोरांना वेगळा शब्द शोधावा लागत नाही, त्यांच्याकडे ‘स्टॅच्यू’ आहे. हात अंगाला चिकटलेले, नजर जमिनीकडे, तोंड बंद. हालचाल आणि आवाज थांबला की बहुतेक कुत्र्यांचा रस संपतो, ते हुंगतात आणि निघून जातात. मग पाठ न दाखवता हळूहळू मागे सरकायचं. हातातली पुडी कुत्र्याला हवी असेल तर ती खाली टाकून द्यायची. ढकललं गेलंच तर कासव व्हायचं: पोटाशी गुडघे, मानेमागे गुंफलेली बोटं, चेहरा आत. लहान मुलाचा चेहरा कुत्र्याच्या तोंडाच्याच उंचीवर येतो, म्हणून लहानग्यांना डोक्याला आणि मानेला चावे जास्त बसतात.

दुसरी गोष्ट कुत्रा वाचण्याची. इंग्लंडमधल्या लिंकन विद्यापीठात केर्स्टिन मेइंट्स यांनी दाखवून दिलं, की लहान मुलं कुत्र्याचं अंग न पाहता तोंडच पाहतात आणि दात विचकणारा कुत्रा त्यांना हसणारा वाटतो. मराठीत तर ही चूक आणखी सोपी. हसणाऱ्या पोराला आपणच ‘दात काय काढतोस’ म्हणतो! शेपटी हलली म्हणजे कुत्रा खूश, हेही पुरतं खरं नाही. इटलीतल्या संशोधकांना 2007 साली दिसलं, की मालक समोर आल्यावर शेपटी उजवीकडे जास्त झुकते आणि अनोळखी, दांडगा कुत्रा दिसल्यावर डावीकडे. एवढं बारीक मुलांना कळायची गरज नाही. ताठ अंग, पाठीवर उभे राहिलेले केस, रोखलेली नजर या तीन खुणा पुरतात.

तिसरी गोष्ट पंचांगात आहे. भाद्रपद हा कुत्र्यांचा माजाचा महिना, हे गावात कोणालाही माहीत असतं. गर्भकाळ साधारण 63 दिवसांचा, म्हणजे पिल्लं येतात कार्तिक-मार्गशीर्षात. नेमकी तेव्हा दिवाळीची सुट्टी असते, मुलं दिवसभर इमारतीखाली असतात आणि जिन्याखाली व्यालेली कुत्री असते. एरवी शेपूट हलवणारी ओळखीची कुत्री या दिवसांत पिल्लाला हात लावणाऱ्याला सोडत नाही. त्यात फटाके. जेवणारा, झोपलेला किंवा आजारी कुत्रा आणि पिल्लांची आई, या चौघांना हात लावायचा नाही, हे पहिलीतलं मूलही बोटांवर मोजू शकतं.

एवढं करूनही कधी दात लागतो. रेबीजने जगात दरवर्षी सुमारे 59 हजार माणसं मरतात, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे, आणि संशयित जनावर चावलेल्यांपैकी 40 टक्के मुलं पंधरा वर्षांच्या आतली असतात. विषाणू जखमेतून मज्जातंतूत शिरतो आणि मेंदूकडे सरकतो, त्याला बहुधा एक ते तीन महिने लागतात. ही सवडच माणसाला वाचवते. विषाणूभोवती मेदाचं आवरण असतं, ते साबणाने फुटतं. म्हणून वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं जखम धुणं हा उपचाराचाच भाग. हळद, चुना, तिखट यांतलं काही लावायचं नाही.

घोडं अडतं ते त्याआधी. पिल्लाने ओरबाडलेलं मूल घरी सांगतच नाही, कारण ‘तिकडे गेलासच कशाला?’ असा धपाटा ठरलेला. रक्त आलं नाही तरी ओरखड्याला लस लागतेच. म्हणून मुलांचा पाठ अर्धा पालकांचाही आहे: सांगितलं तर ओरडायचं नाही. आजी-आजोबांच्या मनात अजून ‘पोटात चौदा इंजेक्शनं’ बसलेली आहेत. मेंढीच्या मेंदूपासून बनणारी ती जुनी लस भारतात 2004 च्या अखेरीस बंद झाली. आता सरकारी दवाखान्यात दंडाच्या त्वचेत बारीक सुई देतात, तीही मोफत. रक्त आलेल्या चाव्याला लसीसोबत जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही (तयार प्रतिपिंडं) द्यावं लागतं.

डोस चुकतात ते मोजणीत. पहिल्या सुईचा दिवस शून्य, मग तिसरा, सातवा आणि अठ्ठाविसावा. सुरुवात सोमवारी झाली तर दुसरी सुई गुरुवारी, तिसरी पुढच्या सोमवारी आणि चौथी त्यानंतर तीन आठवड्यांनी, पुन्हा सोमवारीच. तोवर जखम भरून आलेली असते आणि पोरगं खाली खेळायलाही लागलेलं असतं, म्हणून चौथी सुई विसरली जाते. त्यासाठी भिंतीवरच्या कालनिर्णयावर पहिल्याच दिवशी लाल पेनाने चार गोल करायचे, आणि ते मुलालाच करायला लावायचे.