तोंडी हिशेबाची बँक

सातारा जिल्ह्यातला माण तालुका कायम दुष्काळी. तिथल्या म्हसवडमध्ये रस्त्याकडेला लोहारकाम करणाऱ्या एका बाईला पावसाआधी झोपडीवर टाकायला ताडपत्री हवी होती. त्यासाठी रोजचे थोडे पैसे साठवायचे, तर एवढ्या किरकोळ रकमेचं खातं उघडायला बँक तयार नाही. तिथेच राहणाऱ्या सामाजिक कार्यकर्त्या चेतना सिन्हा यांच्या डोक्यात बायकांची बँक शिरली ती इथून.

रिझर्व्ह बँकेने 1996 मध्ये या बँकेच्या परवान्याचा अर्ज फेटाळला. कारण, प्रवर्तक म्हणून अर्जावर बायकांचे अंगठे! मग बायकांना लिहायला-वाचायला शिकवायला रात्रीचे वर्ग भरले. रिझर्व्ह बँकेत पुन्हा गेल्या तेव्हा बायकांनी तिथल्या साहेबांना उलटच सुनावलं, की कुठल्याही रकमेचं व्याज विचारा, आम्ही तोंडी सांगतो. तुमच्या माणसांनाही कॅल्क्युलेटरशिवाय करायला सांगा. 1997 मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली.

पुढची अडचण पासबुकाची. ते घरी नेलं की नवऱ्याला शिल्लक कळणार आणि पैसे मागितले जाणार, म्हणून बायका ते घरी न्यायलाच तयार नसत. ही गोष्ट कुठल्या बँकिंगच्या पुस्तकात सापडायची? बँकेपाठोपाठ 2008 मध्ये माणदेशी संस्थेचा सामुदायिक रेडिओही आला, आणि 2018 मध्ये दावोसच्या जागतिक आर्थिक परिषदेच्या चेतनाताई सहअध्यक्ष होत्या.