टाकीलाही पाळ हवी



गळीत हंगाम आटोपला की चिमणीचा धूर थांबतो, गव्हाण रिकामी होते आणि आपण खोडव्याच्या पाण्याकडे व धानाच्या पऱ्ह्यांच्या तयारीकडे वळतो. कारखाना आता झोपला, असे आपल्याला वाटते. पण तसे नाही. मळीच्या टाक्या तेव्हाही भरलेल्याच असतात. शिवाय कॉस्टिक सोडा, ॲसिड, डिझेल आणि डिस्टिलरी असेल तिथे स्पिरिट व स्पेंट वॉश हे सारे आवारात असतेच.

मागे काट्यावर उभे असताना एका जुन्या सभासदांनी सहज विचारले, "टाकीतून काही सांडलं तर कारखान्याचे लोक पाहतील जी, आमाले काय त्याचं?" प्रश्न साधा आहे, पण त्याचे उत्तर साधे नाही. म्हणून हा लेख.

मळी म्हणजे गूळपाकासारखी वस्तू, तिच्यात विष कसले, असे कोणीही म्हणेल. पंजाबात मे २०१८ मध्ये काय घडले ते पाहा. गुरदासपूर जिल्ह्यातील किरी अफगाणा येथील साखर कारखान्यात साठवलेली मळी आतल्या आत तापली, उतू गेली आणि नाल्यावाटे थेट बियास नदीत उतरली. मैलोगणती मासे मरून पाण्यावर तरंगले. राज्याच्या प्रदूषण नियंत्रण मंडळाने कारखान्यास ५ कोटी रुपये दंड केला.

मासे मेले ते विषाने नव्हे, तर गुदमरून. मळीतील साखर पाण्यात मिसळली की सूक्ष्म जंतू तिच्यावर तुटून पडतात, झपाट्याने वाढतात आणि पाण्यातला प्राणवायू संपवून टाकतात. अमेरिकेच्या हवाई बेटांवर होनोलुलू बंदरात सप्टेंबर २०१३ मध्ये एका गळक्या नळातून सुमारे १४०० टन मळी समुद्रात गेली. पाण्यापेक्षा जड म्हणून ती तळाशी बसली आणि हजारो मासे मेले. तेल पाण्यावर तरंगते, ते गोळा करता येते. मळी एकदा पाण्यात उतरली की ती परत काढता येत नाही. म्हणून तिला पाण्यापर्यंत पोचू न देणे हाच एक उपाय होय.

आता हे आपल्या जिल्ह्यात आणून पाहा. गोंदिया म्हणजे तलावांचा मुलूख. मालगुजारी तलाव, त्यांवरची धानशेती, त्यांत मासेमारी करणारे ढिवर बांधव, बांधीत उतरणारा सारस पक्षी आणि खाली वाहणारी वैनगंगा, हे सारे एकाच पाण्याने बांधलेले आहे. नाली नाल्याला मिळते, नाला तलावाला. एका रात्रीची गळती साऱ्या गावाचे वर्ष बुडवू शकते.

आणि पैशाचे म्हणाल तर हिशेब सोपा आहे. २ लाख टन ऊस गाळणाऱ्या कारखान्याला ५ कोटींचा दंड झाला तर तो टनामागे २५० रुपये पडतो. कारखाना सहकारी आहे. तो पैसा शेवटी आपल्याच ऊसदरातून जाणार. तेव्हा "आमाले काय त्याचं" याचे उत्तर झाले.

मळी तापते कशी, हेही समजून घ्यावे. ऊस गाळला की त्याच्या सुमारे ४ टक्के मळी निघते. ती पुरती थंड न करता टाकीत भरली, वरून वैशाखाचे ऊन, तर तिच्यात आपोआप क्रिया सुरू होते, फेस येतो, उष्णता आणखी वाढते. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, तेव्हा हा धोका दूरचा मानू नये. यासाठी मळी थंड करूनच साठवावी, टाकी काठोकाठ भरू नये आणि तापमानाची नोंद रोज घ्यावी. हंगाम संपला म्हणून नोंदवही मिटायची नसते.

टाकी गळू लागली तर ती लपवू नये. अमेरिकेतील बोस्टन शहरात १५ जानेवारी १९१९ रोजी मळीची ५० फूट उंच टाकी फुटली. २३ लाख गॅलन मळीची लाट रस्त्यात शिरली आणि २१ माणसे मेली. ही टाकी सुरुवातीपासून गळत होती. पाण्याने पूर्ण भरून तिची चाचणी घेतलीच नव्हती. गळतीचे ओघळ दिसू नयेत म्हणून तिला तपकिरी रंग देण्यात आला होता! रंगाने डोळे फसतात, पत्रा नाही फसत.

मग खरा उपाय काय? तो आपल्या वाडवडिलांना ठाऊक होता. पाणी अडवायचे तर पाळ घालावी लागते. तशीच पाळ टाकीभोवती हवी. तिचा हिशेब असा, की आतली सर्वात मोठी टाकी पुरती फुटली तरी सारा माल पाळीच्या आत मावला पाहिजे, आणि वर दहा टक्के जागा उरली पाहिजे. १ लाख लिटरची टाकी असेल तर १ लाख १० हजार लिटरची जागा हवी. म्हणजे १ मीटर उंच भिंतीच्या आत, टाकीची स्वतःची जागा सोडून, ११ मीटर लांब व १० मीटर रुंद मोकळी जागा. तळ पक्का हवा, मुरमाचा नको.

पण मेख पुढेच आहे. पावसाळ्यात या पाळीत पाणी साचते. ते काढायला तळाशी झडप असते. पाणी काढल्यावर झडप उघडीच राहिली तर ती पाळ असून नसल्यासारखी. फुटलेल्या धुऱ्यात कधी पाणी थांबते का? झडप नेहमी बंद असावी, आतले पाणी तपासूनच सोडावे आणि किल्ली एकाच जबाबदार माणसाकडे असावी.

इतके करूनही सांडलेच तर क्रम ध्यानात ठेवावा. आधी ओरडून सर्वांना सांगा व माणसे दूर करा. मग सुरक्षितपणे जमत असेल तर झडप बंद करा. नंतर वाळूची पोती टाकून नाली अडवा. उचलण्याचे काम शेवटी. पुष्कळदा गडी घाईने पाण्याचा पाईप लावून सारे नालीत ढकलतात. जागा स्वच्छ दिसते, पण सांडलेले तलावाच्या वाटेला लागते.

मळीवर किंवा डिझेलवर कोरडी वाळू टाकावी. स्पिरिटवर मात्र बगॅस, भुसा, तूस काहीही टाकू नये, ते पेट घेईल. स्पिरिटची ज्वाला दिवसा धड दिसतही नाही, म्हणून विडी, वेल्डिंग, मोटार सारे आधी बंद. ॲसिडवरही भुसा नको. कॉस्टिक किंवा ॲसिड अंगावर उडाले तर कपडे काढून वाहत्या पाण्याने निदान १५ ते २० मिनिटे धुवावे आणि मगच दवाखाना गाठावा.

आणखी एक. मळीच्या किंवा स्पेंट वॉशच्या टाकीत कोणी बेशुद्ध पडला तर त्याला काढायला मागून उडी मारू नये. आत वायू कोंडलेला असतो. एकामागे एक माणसे जातात ती अशीच. हवा तपासल्याशिवाय, कमरेला दोर आणि बाहेर राखणदार असल्याशिवाय टाकीत कोणी उतरू नये, मग सांगणारा साहेब कितीही मोठा असो.

हे झाले कारखान्याचे. आपल्या शेताचे काय? यवतमाळ जिल्ह्यात २०१७ साली कीटकनाशक फवारताना विषबाधा होऊन वीसहून अधिक जणांचे जीव गेले. औषध विहिरीच्या किंवा तलावाच्या काठावर कालवू नये. कालवताना डबा घमेल्यात ठेवावा, म्हणजे सांडले तरी घमेल्यातच राहील. टाकीभोवतीची पाळ तीच, फक्त आकाराने लहान. रिकामा डबा धुऊन ते पाणी फवारणीतच वापरावे आणि डबा फोडून टाकावा.

१९८४ च्या भोपाळ दुर्घटनेनंतर कारखाना कायद्यात धोक्याची माहिती कामगारांना देण्याची तरतूद १९८७ साली करण्यात आली. ती हजारो जिवांच्या मोलाने आलेली आहे. सभासदांनीही विचारावे. वार्षिक सभेत ऊसदराचा प्रश्न आपण विचारतोच. त्याच्या मागोमाग आणखी एक विचारा : टाकीभोवती पाळ आहे काय, आणि तिची झडप बंद आहे काय?